सगुणेच्या बाजूची काच

मी काच बोलतेय. आरशाची नव्हे, कपाटाचीही नव्हे. मोटारीच्या मागच्या डाव्या दारातली मी काच. सध्या पावणे गावातल्या एका गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी जुनी टायरं आणि ग्रीसचा डबा, एवढाच काय तो माझा शेजारपाजार. येणारे-जाणारे माझ्यात बघून भांग सारखा करतात आणि आपापल्या कामाला लागतात. बाई गं, तू इथं कशी, असं कुणी विचारत नाही. म्हणून आपणहून सांगते. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका, मधेच उठून जाऊ नका.

माझा जन्म वाळूतला. भट्टीत वितळले, सपाट झाले, मग मला कापून, पुन्हा तापवून साच्यावर जरासं वाकवलं. आम्ही गाडीच्या काचा जन्मतःच ठरलेल्या घरच्या असतो, कुठंही नांदत नाही. माझ्या कंपनीच्या एकाच तोंडाच्या दोन गाड्या होत्या. एक डिक्कीची, मागे छप्पर उतरत गेलेली. दुसरी लांब, शेवटपर्यंत सरळ छपराची, मागचं दार वर उचलणारी. पुढून पाहिलं तर जुळ्या बहिणी. पण डिक्कीच्या गाडीतली मागची काच तिरकी कापलेली, अंगानं लहान. मी लांब गाडीची. माझा कोपरा सरळ, अंग थोराड आणि वजनही चांगलंच. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एका शहाण्यानं हे लक्षात घेतलं नाही.

मला विकत घेतलं करावे गावच्या धर्मराजानं. म्हणजे गाडी घेतली, मी तिच्याबरोबर गेले. धर्मराजाची शेती नव्या शहरासाठी घेतली गेली आणि तो रेती-खडी पुरवायच्या धंद्यात पडला. माणूस रांगडा, मनानं वाईट नाही, पण हट्टाला पेटला की बैलही परवडला. शोरूममध्ये तो मालकाला म्हणाला, "डिक्कीच्या गारीत माजी जाली मावतील का? मना ती लांब गारी द्या." शेती गेली तरी खाडीवर जाळी टाकायची हौस गेली नव्हती. शिवाय वर्षातून एकदा सगळं घरदार घेऊन कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जायचं असायचं.

गाडी गावात आली त्या दिवशी माझी काय ऐट होती म्हणून सांगू! तोवर गावात काच म्हणजे हँडल फिरवून वर-खाली करायची गोष्ट. इथं नुसतं बटण दाबलं की मी सरसर खाली, पुन्हा दाबलं की सरसर वर. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. एका म्हातारीनं तर दारात डोकावून विचारलं, "आत कोन बसलाय वर ढकलाला?" धर्मराजाची बायको सगुणा तिच्या मागं उभी राहून हसत होती. तिचं ते हसू मला तिथल्या तिथं आवडलं.

पण माझी खरी मालकीण स्नेहल, त्यांची एकुलती एक लेक. वाशीच्या कॉलेजात जायची. माझ्या बाजूची सीट तिची. मला गळ्यापर्यंत उतरवायची, माझ्या काठावर हनुवटी टेकायची आणि बाहेर बघत बसायची. मधेच विनाकारण बटणाशी खेळायची. मी खाली, मी वर. पुढून धर्मराज ओरडायचा, "मोटर जलल, स्नेहल!" की ही मला अर्ध्यावर थांबवून गप्प. तिच्या हनुवटीची ऊब मला अजून आठवते. काच थंड असते म्हणणाऱ्यांनी कुणाला कधी तसं टेकू दिलेलं नसतं.

मग स्नेहलनं लग्न केलं. स्वतःच्या मनानं, कचेरीत जाऊन सही करून. मुलगा रणजीत, साताऱ्याकडच्या माथाडी कामगाराचा लेक, वाशीत नोकरीला. मुलगा चांगला होता, तसं धर्मराजाच्या भावकीतलेही म्हणत होते. पण गावाबाहेरचा, जातीबाहेरचा, आणि मुख्य म्हणजे धर्मराजाला न विचारता केलेला. लेकीचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं. म्हणजे धर्मराजानं ठरवलं, बाकीच्यांनी मान खाली घातली.

सगुणेचं जेवण सुटलं. बाई भाकरी थापायची आणि तव्यावर करपवायची. शेवटी एके दिवशी अंगणात, माझ्यासमोरच, ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी शनवारी रेतीच्या पैशाला वाशीला जाताव ना? मना बरोबर न्या. पोर लांबून नजरेला परली तरी माझा जीव र्‍हाईल."

धर्मराजानं दाताखालची सुपारी थुंकली. मग बोलला, "नेतो. पन तिच्या दारात गारीचा दरवाजा उघराचा नाय. पाय भुईला लावाचा नाय. घे आईची आन."

सगुणेनं एकवीरा आईची शपथ घेतली. करावे गावात त्या शपथेपुढे कोर्टाचा कागदही फिका. दरवाज्याचं नाव त्यानं घेतलं, भुईचं घेतलं, माझं मात्र घेतलं नाही. घ्यायचं कारणच नव्हतं. त्याच पावसाळ्यात दारात रेती आणि पाणी साचून मला वर-खाली करणारं मशीन गंजलं होतं, मोटार जळली होती आणि मी वरच्या वर अडकून बसले होते. बटण दाबलं तर आतून नुसती कुरकुर व्हायची.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही वाशीला. स्नेहलच्या इमारतीसमोर फुटपाथला लागून गाडी उभी राहायची. धर्मराज सगुणेसाठी एसी चालू ठेवायचा आणि पान खायला रस्त्यापलीकडे निघून जायचा. वाशीत पानाच्या टपऱ्या काय कमी होत्या? पण ह्याला तीच टपरी लागायची. तिथं तो पाठ करून उभा राहायचा. आता पाठ करून उभं राहणाऱ्या माणसाला टपरीच्या आरशात मागचं सगळं दिसतं, हे काचेच्या जातीला कोण सांगणार! आम्ही माणसं नाही, पण माणसांच्या युक्त्या आमच्यासमोरच चालतात.

स्नेहल खाली यायची. तिला बापाचा शनिवार पाठ झाला होता. ती अगदी माझ्याजवळ येऊन उभी राहायची. पण माझ्या अंगावर धर्मराजानं हौसेनं काळी फिल्म लावून घेतलेली. आतून सगुणेला लेक स्वच्छ दिसायची. बाहेरून स्नेहलला दिसायचं ते फक्त स्वतःचं तोंड. आई तिथंच आहे हे तिला ठाऊक असायचं, म्हणून ती त्या स्वतःच्या तोंडाकडे बघून हसायची, कुंकू नीट करायची, केस मागे सारायची. आतून सगुणा माझ्यावर तळवा टेकवायची. बाहेरून स्नेहल बोटं टेकवायची. कधी जागा जुळायची, कधी जुळायची नाही. मी मधे उभी, दोन्हीकडून ऊब, आणि मला हलता येत नव्हतं. देवानं मला तोंड दिलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

उजव्या बाजूची खिडकी चालत होती, पण तिकडे धर्मराजाची नजर. पुढच्या सीटवर त्याचा सगळा पसारा. रस्त्यात मोठ्यानं हाका मारायची सगुणेला चोरी. तेव्हा माय-लेकींत जो काही रस्ता होता तो माझ्यातून, आणि मीच बंद.

एका शनिवारी स्नेहल आली ती पोटाशी हात धरून. सगुणेनं बघितलं आणि दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. लेकीला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तिकडचा रिवाज. त्याआधी आईच्या हातचं खाऊन लेकीचे डोहाळे पुरवायचे. इथं आई आत, लेक बाहेर. पुढच्या शनिवारी सगुणेनं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी डब्यात भरून मांडीवर घेतली. डबा तसाच परत आला. घरी येऊन तिनं तो उघडलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगुणेला एसी बाधायला लागला. "गुरघे धरतान माजे," ती नवऱ्याला म्हणायची. "मना वारा पायजे. ती काच तेवरी दुरुस्त करा." आयुष्यभर गुडघाभर चिखलात निवट्या धरणारी बाई ती, तिचे गुडघे कसले धरतायत! पण धर्मराजानं वाद घातला नाही. मला वाटतं, त्यालाही काहीतरी उमगलं होतं आणि ते न उमगल्यासारखं करण्यात त्याची सोय होती.

असा मानसिंग आमच्या आयुष्यात आला. साताऱ्याकडचा, पावण्याला गॅरेज. हात चांगला, पण जीभ हातापेक्षा पुढं. स्कूटरवरून करावेला गाडी बघायला आला तेव्हा धर्मराज घरात नव्हता. गाडी नेहमीसारखी मागं घेऊन मांडवात घातलेली, आणि मागच्या अर्ध्या अंगावर जाळी वाळत टाकलेली. गाडी असो की घराची कुडाची भिंत, रिकामी जागा दिसली की जाळं वाळत घालायचं, ही गावची रीतच. मानसिंगला दिसलं ते गाडीचं तोंड आणि पुढची दोन दारं.

सगुणा म्हणाली, "जाली काढू काय?"

"ऱ्हाऊ द्या की मावशी, कशाला तरास," मानसिंग बॉनेटवर थाप मारून म्हणाला. "म्या तोंड बघून गाडी सांगतो. ही डिक्कीची. मागच्या डाव्या काचेचं मशीन आणून ठिवतो, तुमी निस्ती गाडी घिऊन या."

मी जाळ्याखालून सारखी म्हणतेय, अरे बाबा, एक फेरी मारून ये मागं. छप्पर बघ, माझा कोपरा बघ. पण तोंड बघून ओळखायची माणसाची सवय जुनी. सोयरीक जमवतानाही तेच आणि तोडतानाही तेच. रणजीतचं तरी मागचं-पुढचं धर्मराजानं कुठं पाहिलं होतं?

शनिवारी सकाळी वाशीच्या आधी आम्ही पावण्याला गेलो. गाडी पूर्ण आत शिरली आणि मानसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्याच्याकडेच बघत होते. गाडीची लांबी पाहून त्याला चूक कळली होती. पण बोलून बसला होता ना! म्हणाला, "बसतंय की. दार काय, सगळी सारकीच असत्यात."

दाराचं आतलं कव्हर निघालं. गंजलेले रिव्हेटचे खिळे छाटून जुनं मशीन तुकड्या-तुकड्यानं बाहेर आलं. मग त्यानं नवं मशीन लावलं, माझ्या पायाशी जोडलं आणि बटण दाबलं. किती दिवसांनी मी हलले! पण त्या मशीनचा हात आखूड, तिरक्या आणि हलक्या काचेसाठी केलेला. मी वीतभर चढले, एका अंगाला कलले आणि रबरात रुतून बसले. मानसिंगनं पुन्हा दाबलं. माझ्या कडा करकरल्या.

"आयला," तो शेवटी म्हणाला, "हे डिक्कीच्या गाडीचं मशीन हाय. लांब गाडीचं येगळं. मागवाय लागंल."

"तू तं तोंड बगून सांगतोस ना?" सगुणेकडून ऐकलेलं धर्मराजानं ऐकवलं.

मानसिंगनं कान खाजवला. मला अलगद बाहेर काढून त्यानं गोणपाटावर टेकवलं. जुनं मशीन मोडलेलं, नवं चुकीचं. धर्मराज वैतागला. "मना गारी पायजे. शनवार हाय."

"न्या की. लाकडाची पाचर मारून काच वर अडकीवतो. मशीन आलं की बसवू."

"नको," सगुणा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. सगुणा पुरुषांच्या बोलण्यात सहसा पडायची नाही.

"पाचर निसटली तं फुटल काच. ती हिथंच र्‍हाऊ दे. मना वाराच पायजे."

 जिच्या तळव्यासाठी मी झुरत होते, तीच म्हणाली, हिला इथं ठेवा. गाडी निघाली. माझ्या जागी मोकळं भोक, त्यातून सगुणेचा चेहरा, मांडीवर डबा. तिनं वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. कारण मला पुढच्या भेटीत कळलं. त्या दिवशी मी फक्त रुसले.

ती भेट व्हायला काही दिवस गेले. योग्य मशीन आलं, मानसिंगनं निरोप पाठवला. गाडी दारात आली आणि मला माझी जागा दिसली. त्या जागेत स्नेहल बसली होती! कोपर बाहेर टाकून, अंगानं भरलेली, डोळ्यांखाली दमलेली आणि चेहऱ्यानं हसरी. मला आधी खरंच वाटेना. सगुणा खाली उतरली, मानसिंगनं पुढं केलेल्या स्टुलावर बसली.

"तुजी चूक झाली ती बरी झाली रं बाबा," ती म्हणाली.

"ती कशी काय?"

"शनवारी हे पान खावाला गेले. पोर आली. नेहमीसारखी काचेत बगाला वाकली, तं काचच नाय. मीच समोर. मी डबा बाहेर काढला. तिनं डबा नाय धरला, माझा हात धरला. आनि सोरीच ना."

"मंग?"

"मंग हे आले. गारी चालू केली. पोरीचा हात तसाच आत. मना बोलले, तिला सांग हात काढ. मी बोलले, तुमीच सांगा, तुमची पन लेक हाय."

धर्मराज बाजूला उभा राहून टायरावर पाय आपटत होता. "पुरे आता," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"पुरे का? सांगू दे ना," सगुणा म्हणाली. "हे सांगतील कसे? लेकीशी बोलाचा नाय असं यांचंच ठरलेलं. गारी बंद केली. मंग एकदम बोलले, स्नेहल, हात काढ. ती गेल्यापासनं पयल्यांदा तोंडात तिचं नाव आलं."

गाडीतून स्नेहल बोलली. "मी बोलले, नाही काढणार, बाबा. हात काढला की काच वर जाईल."

"आनि हे काय बोलले ठाव हाय?" सगुणेला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणीही. "काच हायच कुठं पोरी, बोलले. उतरले, गारीला वलसा घालून आले आनि त्यांच्या हातानं दरवाजा उघरला. मना बोलले, आन तुला हाय, मना नाय."

मानसिंगनं दुसरीकडे बघत नाक पुसलं. बाळंतपणाला करावेलाच नेतोय, असं धर्मराजानं त्याला सांगितलं, जणू बाकी काही घडलंच नव्हतं. मानसिंगनं मला दोन्ही हातांनी उचललं, झाडलं, पुसलं. "चला, बसवून टाकतो."

मी गाडीजवळ गेले. स्नेहलचा चेहरा माझ्यापासून हातभरावर. आणखी थोडं, आणि मी माझ्या घरी. तेवढ्यात धर्मराज म्हणाला, "आता नको. पोर अवघरलेली हाय, तिला ताटकलत ठेवाची नाय. मागनं येतो." सगुणा आत बसली, गाडी वळली आणि स्नेहलचं कोपर रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत राहिलं.

मागनं कुणी आलं नाही. मानसिंगनं एकदोनदा निरोप दिला, उत्तर आलं की काचेवाचून काही अडलेलं नाही, पावसाळ्यात कापडी पडदा लावतो. स्नेहलला मुलगी झाल्याचे पेढे मात्र गॅरेजात आले. रणजीत स्वतः घेऊन आला होता, सासऱ्याच्या त्याच गाडीतून. मानसिंगनं पेढा तोंडात टाकला आणि माझ्यावर हात टेकून उभ्याउभ्या खाल्ला. मी ऐकून सुखावले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार एकटंही वाटलं.

आता मानसिंग कुठलीही गाडी आली की आधी तिला पूर्ण फेरी मारतो, छप्पर बघतो, मागचं दार बघतो, मगच काचेला हात लावतो. मला पाहणारं गिऱ्हाईक भावही विचारतं, पण तो मला विकत नाही. करावेवाल्यांची अमानत आहे म्हणतो. माझ्या अंगावरची फिल्म कडेनं सुटू लागलीय. फिल्म सुटली त्या पट्टीतून बाहेरचा रस्ता दिसतो आणि प्रत्येक लांब गाडीला मी नीट बघून घेते.

मला परत बसवा असं मी म्हणत नाही. त्या दारात मी नाही तेच बरं, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. पण स्नेहलचं एक वाक्य माझ्यात रुतून बसलंय. हात काढला की काच वर जाईल, असं ती म्हणाली. तुम्ही करावेकडे गेलात, बिनकाचेची लांब गाडी दिसली आणि तिच्यात मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई दिसली, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, पोरी, सगळे शनिवार मी मधे उभी होते ती माझ्या मनानं नव्हे. माझी मोटार जळली होती गं. तुझ्या आईइतकंच मलाही खाली यायचं होतं.